हबला धरून बसलेली ब्रेक डिस्क कशी सोडवायची

मालवण, देवगड, हर्णै अशा किनाऱ्यावरच्या गाडीची डिस्क सहसा हाताने निघत नाही. डिस्कचं मधलं भोक हबच्या, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागाच्या, उंचवट्यावर बसतं. त्या बारीक फटीत खारी हवा आणि पावसाचं पाणी शिरून गंज धरतो. गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, त्यामुळे फट पाचर मारल्यासारखी आवळते. म्हणून आधी तेल, मग दाब, आणि हातोडा अगदी शेवटी.

गाडी सपाट, कडक जमिनीवर घ्या आणि जॅकबरोबर घोडी (गाडीखाली ठेवायचा लोखंडी टेकू) लावाच. जांभ्याचा चिरा चाकापुढे अडकवायला चालेल. गाडीखाली टेकू म्हणून कधीच नाही, भार एका ठिकाणी आला की तो फुटतो. मागची डिस्क काढायची असेल तर हँडब्रेक सोडा. कॅलिपर (डिस्कला दोन्ही बाजूंनी दाबणारा ब्रेकचा भाग) त्याच्या ब्रॅकेटसकट काढून तारेने टांगा, होजवर, म्हणजे ब्रेक ऑइलच्या रबरी नळीवर, लोंबकळत ठेवू नका.

डिस्कच्या तोंडावर एक-दोन चपट्या डोक्याचे स्क्रू असतील तर साध्या स्क्रूड्रायव्हरने जोर लावू नका, खाच झिजते. गंज सोडवणारं तेल मारून अर्धा तास थांबा आणि हातोडीने ठोकायचा इम्पॅक्ट ड्रायव्हर वापरा. तरी नाही सुटला, तर डोकं ड्रिलने उडवा. हे स्क्रू डिस्क जागेवर धरण्यापुरतेच असतात. खरी पकड चाकाच्या नटांची.

आता मधल्या उंचवट्याभोवती आणि स्टडांच्या (चाकाचे नट ज्यांवर चढतात ते खिळ्यासारखे बोल्ट) मुळाशी तेल सोडा. बऱ्याच डिस्कवर आटे पाडलेली दोन भोकं असतात, बहुतेक ८ मिमी, १.२५ पिचची (दोन आट्यांमधलं अंतर १.२५ मिमी). त्यांत बोल्ट घालून आळीपाळीने अर्धा-अर्धा फेरा आवळा. एकच बोल्ट आवळत गेलात तर डिस्क तिरकी होऊन जास्तच अडकते. बोल्ट जड लागला की थांबा, स्टडांच्या मध्ये हलके ठोके द्या, पुन्हा आवळा.

भोकं नसतील, तर ब्रॅकेट काढल्यावर मोकळ्या झालेल्या त्याच्या बोल्टच्या भोकातून लांब बोल्ट घालून डिस्कच्या बाजूला नट चढवा आणि नट फिरवून डिस्कला मागून बाहेर ढकला. दर थोड्या दाबाने डिस्क फिरवून जागा बदला. या युक्तीत बेअरिंगला धक्का बसत नाही, म्हणून ती हातोड्याच्या आधी करावी.

हातोडा वापरायचाच तर फक्त टाकून द्यायच्या डिस्कवर. डोळ्यांना चष्मा लावा, चाकाचे नट तीन-चार आटे चढवून ठेवा, नाहीतर सुटलेली डिस्क पायावर येते. जोरदार घाव बेअरिंगपर्यंत पोचतात आणि पुढे चाक घरघरतं. गॅसची ज्योत टाळा. बेअरिंगचं ग्रीस, सील आणि एबीएस (ब्रेक लावताना चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा) सेन्सर जळतात.

डिस्क निघाली की हबचा चेहरा तारेच्या ब्रशने आणि पॉलिश पेपरने चकचकीत करा. हेच लोक सोडतात. तिथे गंजाचा कण राहिला तर नवी डिस्क तिरकी बसते आणि काही हजार किलोमीटरनंतर पेडल थरथरतं. हबच्या उंचवट्यावर कॉपर ग्रीसचा पातळ थर द्या, स्टडवर नको. नव्या डिस्कवरचं तेल ब्रेक क्लीनरने पुसा. कॅलिपरचा पिस्टन आत ढकलताना ब्रेक ऑइलची टाकी उतू जात नाही ना, बघा.

गाडी हलवण्याआधी पेडल कडक होईपर्यंत दाबा. मग मोकळ्या सपाट रस्त्यावर ताशी ५० किमीवरून १० पर्यंत आठ-दहा वेळा, मध्ये थंड होऊ देत, वेग कमी करा. घाट उतरायचा असेल तर हे आधीच उरका.