मूल मकतबात रमत नाही? उस्तादांनी आणि घरच्यांनी या चुका टाळा

पोराला पहिल्यांदा मकतबात, म्हणजे कुराण आणि नमाज शिकवणाऱ्या वर्गात, सोडताना आमच्याकडे मराठवाड्यात अजूनही काही वडील म्हणतात, "हाफिज साब, चमडी तुमारी, हड्डी हमारी." म्हणजे हवं तेवढं मारा, हाडं तेवढी शाबूत ठेवा. हाफिज म्हणजे कुराण तोंडपाठ असलेला, इथे शिकवणारा उस्ताद. म्हणणाऱ्याच्या मनात उस्तादाबद्दल विश्वास असतो, हे मान्य. पण त्या एका वाक्यात बापाने आपली जबाबदारी झटकलेली असते, आणि जो परवाना त्याच्याकडे नाहीच तो दुसऱ्याला देऊन टाकलेला असतो. शेजारी उभं असलेलं सहा वर्षांचं पोरगं सगळं ऐकत असतं.

परभणीकडच्या एका गावात मी बरीच वर्षं असर ते मगरिब, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजपासून सूर्यास्ताच्या नमाजपर्यंत, मकतब घेतलं. सकाळी कोणी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेत, कोणी उर्दू शाळेत, आणि संध्याकाळी टोपी घालून माझ्यासमोर. 'पोरगं ऐकत नाही' ही तक्रार मी खूप ऐकली, स्वतःही केली. बहुतेक वेळा गाडी अडायची ती घर आणि मकतब एकमेकांशी बोलत नसल्यामुळे.

कारण न विचारता शिक्षा

ही चूक माझीच. मे महिना होता. नऊ वर्षांचा एक मुलगा रोज पाऊण तास उशिरा यायचा. मी त्याला दाराशीच कान धरून उभं करायचो. आठवडाभर हेच चाललं. तो काही बोलायचा नाही, वुजूच्या, म्हणजे नमाजआधी हातपाय धुण्याच्या, नळाकडे बघत राहायचा. एक दिवस नूरानी कायदा, म्हणजे अरबी अक्षरओळखीचं पुस्तक, उघडताना त्याचे तळहात दिसले. बोटांच्या मुळाशी लाल वळ होते, बादलीच्या कडीचे. गल्लीत टँकर पाचच्या सुमाराला यायचा. अब्बा ट्रकवर बाहेरगावी, अम्मी बाळंतीण. पाणी भरायला घरात तो एकटाच. मी विचारलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. त्याच्या घरून कोणी निरोप धाडला असता, तरीही कळलं असतं. मग मी त्याचा सबक, म्हणजे त्या दिवसाचा धडा, मगरिबनंतर ऐकायला लागलो. उशीर झाला म्हणून त्याला पुन्हा उभं करावं लागलं नाही.

सात आणि दहाची हदीस अर्धीच सांगणं

मारण्याचं समर्थन करताना अबू दाऊदच्या संग्रहातली हदीस, म्हणजे पैगंबरांच्या वचनाची नोंद, पुढे केली जाते: मुलांना सातव्या वर्षी नमाजला सांगा, दहाव्या वर्षी न पढल्यास मारा. लोक 'दहा' पकडतात आणि 'सात' विसरतात. मधली तीन वर्षं रोज पाच वेळा, म्हणजे पाच हजारांवर वेळा प्रेमाने सांगून झालेलं असलं पाहिजे. तसं कोणी केलंय का? शिवाय ती गोष्ट नमाजची आहे, सबक चुकल्याची नाही. उलेमांनी, म्हणजे धर्मपंडितांनी, तिथेही हद्द घातली आहे: तोंडावर नाही, वळ उठेल असं नाही, रागाच्या भरात नाही.

दुसऱ्या हदीसही सांगाव्यात. पैगंबरांचे सोबती हजरत अनस यांनी दहा वर्षं पैगंबरांची खिदमत केली, पण एकदाही 'उफ्' ऐकलं नाही. दुसरे सोबती मुआविया बिन हकम नमाज चालू असताना बोलले. नंतर पैगंबरांनी त्यांना ना झिडकारलं ना मारलं, फक्त नमाजमध्ये बोलायचं नसतं हे समजावलं. इतका चांगला शिकवणारा आपण ना आधी पाहिला ना नंतर, असं ते सांगत. चौदाव्या शतकात इतिहासकार इब्न खल्दून यांनीही लिहून ठेवलंय की जाच केला की मूल खोटं बोलायला आणि सोंग करायला शिकतं. वर्गात बसणाऱ्या कोणालाही हे पटेल.

न ऐकता केलेली सही

लक्षण असं: आजचा सबक घडाघडा, पण आमुख्ता, म्हणजे मागचं पाठ केलेलं, विचारलं की पोरगं छताकडे बघतं. उस्तादाला वाटतं आळस. घरी ऐकून पालकांनी रोज सही करायची ती वही बघा. शनिवार ते गुरुवारच्या सहाही सह्या एकाच शाईत, एकाच दमात केलेल्या. जुम्म्याच्या, म्हणजे शुक्रवारच्या, सुट्टीत तर वही दप्तराबाहेर येतच नाही. मागचं रोज फिरवलं नाही तर ते निसटतं, हिफ्जच्या, म्हणजे कुराण तोंडपाठ करणाऱ्या, मुलांना तर पाऱ्यामागून पारे (कुराणाचे भाग) पुन्हा धरावे लागतात.

इशाच्या, म्हणजे रात्रीच्या, नमाजनंतर दहा मिनिटं ऐका. अम्मीला अरबी वाचता येत नसलं तरी चालतं, अडखळलेलं कानाला कळतं. अडखळला तिथे पेन्सिलीने बारीक खूण करायची. दुसऱ्या दिवशी उस्तादाने आधी तीच जागा घ्यावी. मोबाईल त्या दहा मिनिटांपुरता दुसऱ्या खोलीत, बापाचाही.

"हाफिज साबकू बोलूं क्या?"

जेवत नाही, झोपत नाही, की उस्तादाची भीती घातलीच. मग त्याच माणसाकडून दीन, म्हणजे धर्म, प्रेमाने शिकायचं कसं? उलट बाजूला खोटी लालूच: "पारा संपव, सायकल घेऊन देते." हदीसमध्ये येतं, एक बाई मुलाला 'ये, काहीतरी देते' म्हणून बोलावत होत्या. पैगंबरांनी विचारलं, काय देणार होतीस? खजूर, म्हणाल्या. दिला नसतास तर तुझ्या नावे एक खोटं लिहिलं गेलं असतं, असं त्यांनी सांगितलं. सायकल जमणार नसेल तर तिचं नाव काढू नका.

"मदरशाला कायदा लागत नाही"

शिक्षण हक्क कायद्यातून 2012 च्या दुरुस्तीने मदरसे आणि वैदिक पाठशाळा वगळल्या, म्हणून हा गैरसमज पसरला. बाल न्याय कायदा, 2015 लागू आहेच. त्याच्या कलम 75 नुसार ताब्यातल्या मुलाला क्रूर वागणूक देणं गुन्हा आहे, आणि संस्थेतल्या माणसाने केलं तर शिक्षा आणखी कडक.

अंगावर वळ दिसला तर मुलासमोर उस्तादाला शिव्या घालू नका, आणि "तूच काहीतरी केलं असशील" असंही म्हणू नका. आधी मुलाचं पूर्ण ऐकून घ्या. मग इशानंतर, मूल सोबत न नेता, उस्तादाला भेटा. तिथे टोलवाटोलवी झाली तर मसजिदीच्या कमिटीकडे जा. मार मोठा असेल किंवा पुन्हा झाला तर कमिटीची वाट बघत बसू नका, 1098 लावा. मुलांसाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा हा नंबर चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत.