ज्वारीमागं उंदीर, उंदरामागं साप

मी सोलापुरात कडक भाकरी करून विकते, बावीस वर्षं झाली. घर विजापूर रोडच्या बाजूला, शहर संपतं तिथं. पुढच्या दोन खोल्या स्लॅबच्या, मागची भाकरीची खोली पत्र्याची. मागं मोकळा प्लॉट, काळी माती आणि वेडी बाभूळ. घरात बारा महिने चार-पाच पोती ज्वारी, अंगणात सरपण आणि पाण्याची पिंपं. म्हणजे उंदीर, साप, विंचू, डास सगळ्यांची सोय मीच करून ठेवलेली.

गेल्या महिन्यात भाचीनं होटगी रोडच्या पुढं घर घेतलं. तिसऱ्या दिवशी रात्री फोन. "मावशी, पायरीवर साप होता, आता काय टाकू?" मी म्हटलं, टाकायचं काही नाही, आधी धान्य कुठं ठेवलंयस ते सांग. तिला वाटलं मावशीला ऐकू आलं नाही. मग जे सांगितलं ते नीट लिहून काढते, कारण अर्धं ती विसरली असणार.

साप तुमच्यासाठी येत नाही. तो उंदरासाठी येतो, आणि उंदीर ज्वारीसाठी. म्हणून सुरुवात ज्वारीपासून.

आमच्याकडं मालदांडी फेब्रुवारी-मार्चात निघते, वर्षाचं धान्य तेव्हाच भरतात. भरण्याआधी दोन-तीन कडक उन्हं द्यायची. दाणा दाताखाली धरला की कट्ट वाजला पाहिजे. दबला तर अजून ओल आहे, टोके होणार. पोत्यात ठेवायचं असेल तर पोतं जमिनीला आणि भिंतीला टेकू द्यायचं नाही. फळीवर ठेवा, भिंतीपासून हातभर लांब, म्हणजे मागं झाडू फिरतो. मी आता पत्र्याच्या कोठ्या घेतल्यात. कडुलिंबाचा पाला घालते, पण खरं काम उन्हाचं आणि घट्ट झाकणाचं. धान्यात ठेवायच्या विषारी गोळ्या मिळतात, त्या राहत्या घरात आणायच्याच नाहीत. त्यातून विषारी वायू सुटतो, आणि बंद खोलीत झोपलेलं माणूस सकाळी उठत नाही.

आणि रात्री पीठ झाडायचं. परातीखालचं, चुलीमागचं, जात्याच्या कोपऱ्यातलं. मी कितीही दमले तरी हे काम सकाळवर ढकलत नाही. उंदीर रात्रीच येतो.

उंदरासाठी पिंजरा लावा, खोबऱ्याचा तुकडा शेकून अडकवा. विषाची पेस्ट घरात नको. लेकरं, मांजर, शेजारचं कुत्रं, कुणाच्याही तोंडात जाईल, शिवाय उंदीर फळीमागं मरून आठवडाभर वास मारतो तो वेगळाच. चिकट पुठ्ठा एकदा लावला होता. त्यात उंदीर सापडला नाही, धामणीचं पिल्लू सापडलं. गोडंतेल सोडून सोडवता सोडवता अर्धी रात्र गेली, परत तो पुठ्ठा आणला नाही.

आता फटी. बाहेरून इथं राहायला आलेल्यांना एक गोष्ट माहीत नसते: काळी माती उन्हाळ्यात आकसते आणि पावसात फुगते. मे महिन्यात आमच्या प्लॉटमध्ये हात जाईल एवढ्या भेगा पडतात. उंदीर, विंचू, साप सगळे त्या भेगांत असतात. जूनचे पहिले दोन मोठे पाऊस झाले की भेगा पाण्यानं भरतात, मिटतात, आणि आतली वस्ती बाहेर पडते. ती कोरडी जागा शोधते, आणि जवळची कोरडी जागा म्हणजे आपलं घर. त्याच मातीमुळं जोत्याला आणि फरशीच्या कडेलाही दरवर्षी फट सुटते. गेल्या वर्षी बुजवली म्हणून यंदा राहिली असेल असं धरायचं नाही. मे संपायच्या आत बॅटरी घेऊन घराभोवती एक फेरी मारायची. पेन्सिल जाईल एवढ्या फटीतून घरातला लहान उंदीर जातो. वाळू-सिमेंट कालवून भरा, मोरीच्या तोंडाला जाळी, मागच्या दाराखाली रबराची पट्टी. सगळ्याला मिळून दोन दिवस लागतात. भाचीला म्हटलं, पडदे नंतर लाव, आधी ही पट्टी लाव.

आमच्या गल्लीत साप निघाला की तीन भाषांत आरडाओरडा होतो. समोरच्या अक्का "पामु, पामु", कोपऱ्यावरचे अण्णा "हावु बंतु", आणि आमच्या सासूबाई "आस्तिक, आस्तिक". त्यांनी दारावर खडूनं आस्तिक लिहिलंय. मी पुसत नाही, पण त्याखालची फट मीच बुजवली. गंधक, मिठाची रेघ, बाजारातली पावडर यांनी साप अडत नाही. कार्बोलिक ॲसिड तर आणूच नका. सापाआधी आपली कातडी भाजते. आणि नागपंचमीला कुणी दुधाची वाटी घेऊन मागं लागलं तर हात जोडा. साप दूध पीत नाही.

निघाला तर काय करायचं? लांब उभं राहायचं, पोरांना मागं घ्यायचं, एकानं नजर ठेवायची आणि दुसऱ्यानं फोन करायचा. वनविभागाची हेल्पलाईन 1926. आपल्या भागातल्या सर्पमित्राचा नंबर पावसाळ्याआधीच शोधून दाराच्या आत लिहून ठेवा. साप समोर असताना कुणाच्या मोबाईलमध्ये नंबर सापडत नाही. मारू नका. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ते गुन्ह्यात बसतं, आणि चावण्याची पाळी बहुतेक वेळा मारायला गेलेल्यावरच येते.

इथं दिसणारे बरेचसे बिनविषारी असतात. धामण, दिवड, तस्कर, कवड्या. विषारी चार लक्षात ठेवायचे: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. यातली मला सगळ्यात धास्ती मण्यारीची. नाग फणा काढतो, घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुसफुसते. मण्यार काहीच करत नाही. रात्रीची फिरते, जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या अंथरुणात शिरते, आणि दात इतके बारीक की झोपेत कळतही नाही. सूज नाही, रक्त नाही. पहाटे पोटात दुखतं, गळा आवळल्यासारखा होतो, पापण्या उचलत नाहीत. घरचे म्हणतात ॲसिडिटी झाली, आणि तासाभरात श्वास थांबतो. पावसाळ्यात जमिनीवर झोपलेल्या माणसाला पहाटे असं झालं तर सोडा पाजत बसू नका, सापच समजा आणि निघा. कवड्या तिच्यासारखाच दिसतो. त्याचे पांढरे पट्टे मानेपासून सुरू होऊन शेपटीकडं पुसट होतात, मण्यारीचे डोक्यापासून जरा अंतर सोडून सुरू होतात आणि शेपटीकडं ठळक होतात. पण अंधारात वाकून हे बघत बसायचं नाही.

यावर उपाय खाटेचा. खाट भिंतीपासून सुटी, चादरीचं टोक जमिनीला लागू द्यायचं नाही, मच्छरदाणी गादीखाली नीट खोवायची. उन्हाळ्यात आपण सगळे गच्चीवर झोपतो, तिथंही जिन्याशेजारी अडगळ ठेवू नका.

चावलाच तर त्या हातापायाला फळी लावून हाड मोडल्यासारखं बांधा, हलवू नका. अंगठी, बांगड्या, जोडवी आधी काढा, सूज आली की निघत नाहीत. दोरीनं आवळायचं नाही, ब्लेड मारायचं नाही, तोंडानं ओढायचं नाही. चावल्याची वेळ लक्षात ठेवा आणि 108 ला फोन. आपल्याकडं सिव्हिल आहे. या चारही सापांवर एकच लस चालते, त्यामुळं साप मारून पिशवीतून नेण्याची गरज नसते.

विंचवाचं मी अनुभवावरून सांगते. लेक पोटात होता तेव्हाची गोष्ट. पहाटे चार वाजता सरपणात हात घातला आणि अंगठ्यात निखारा शिरल्यासारखं झालं. छोटा, लालसर विंचू. काळी मोठी इंगळी बघूनच माणूस ओरडतो, पण खरा घात हा लहान लाल करतो. मला आधी शेजारच्या गल्लीत विंचू उतरवणाऱ्याकडं नेलं. त्यात दोन तास गेले. दरदरून घाम, तीनदा उलटी, हातपाय बर्फासारखे गार. सासऱ्यांनी शेवटी रिक्षात घातलं. दवाखान्यात डॉक्टर एवढंच म्हणाले, "पुढच्या वेळी आधी इकडं या." या विंचवाचं विष हृदयावर जातं. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन ही रक्तदाबाची गोळी यावर लागू पडते हे कोकणातल्या रुग्णांवर वापरून दाखवलं, आणि मरणारी माणसं वाचायला लागली. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. गोळी डॉक्टरांनीच द्यायची, पण वेळेत पोचायचं काम आपलं. लहान मुलाला घाम आणि उलटी सुरू झाली तर एक मिनिटही थांबायचं नाही.

तेव्हापासून सरपण भिंतीला लावत नाही. अंगणात दोन दगडांवर फळ्या टाकून रचते आणि लाकूड आधी काठीनं ओढून मग उचलते. चप्पल झटकून घालायची, दोरीवरचा कपडा झटकून घ्यायचा. आणि एक गंमत सांगते. भाकरीच्या पैशात खोटी नोट येऊ नये म्हणून लेकानं जांभळ्या उजेडाची बॅटरी आणली. एकदा वीज गेली, मी तीच घेऊन मागं गेले, तर सरपणात हिरवट-निळं काहीतरी चमकलं. विंचू! त्या उजेडात विंचवाचं अंग चमकतं. आता पाचशेची नोट आणि सरपण, दोन्ही मी त्याच बॅटरीनं तपासते.

उन्हाचं सांगायचं तर ते सोलापूरकरानं सोलापूरकराला काय सांगायचं! पण पत्र्याच्या खोलीत चुलीपुढं बसणाऱ्याला सांगते. मी भाकरी पहाटे चारला सुरू करते, दहाच्या आत चूल विझलेली असते. पूर्वी पत्र्यावर कडबा टाकायचो. गारवा यायचा, पण महिन्यात त्यात उंदीर आणि मग त्यांच्यामागं येणारे. आता पत्र्याला पांढरा चुना आणि वर दीड-दोन फूट अंतर सोडून हिरवी शेडनेट. मधून वारा खेळतो. पत्र्यावर दगड ठेवायची सवय मात्र मोडा. मे महिन्यात वळीव आला की पत्रा उचलतो आणि तो दगड खाली झोपलेल्याच्या डोक्यात पडतो. हुक आणि नटबोल्ट लावून घ्या. विजा कडाडत असतील तर गच्चीवरचे कपडे राहू द्या. पुण्याच्या उष्णदेशीय हवामान संस्थेचं दामिनी ॲप फोनमध्ये ठेवा, आपल्या आसपास वीज पडण्याची शक्यता ते आधी सांगतं.

कूलर खिडकी बंद करून लावला तर खोलीचा नुसता हमाम होतो. समोरची खिडकी चार बोटं उघडी ठेवा. पाणी भरताना प्लग काढून ठेवा, नुसतं बटण बंद करून चालत नाही. ओल्या हातानं कूलरला चिकटलेलं माणूस मी पाहिलंय.

ताक, पन्हं प्या. जुलाब-उलटीनं किंवा घामानं अंगातलं पाणी गेलं असेल तर एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चमचा चहाचा. कुणी बडबडायला लागलं, अंग तापलेलं असेल, तर सावलीत आणून अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि 108. शुद्ध नसलेल्याच्या तोंडात पाणी घालू नका.

डासांचं थोडक्यात. आमच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून पिंपं भरून ठेवणं आलंच. डेंग्यूचा डास त्याच स्वच्छ पाण्यात होतो आणि दिवसा चावतो. अंडी पिंपाच्या कडेला चिकटतात, पाणी ओतून दिलं तरी ती महिनोन्‌महिने वाळून जिवंत राहतात. त्यामुळं आठवड्यातून एकदा पिंप रिकामं करून ब्रशनं घासायचं, आणि तोंडाला जुन्या धोतराचं फडकं घट्ट बांधायचं. कूलरची टाकी आणि फ्रिजमागची तबकडी विसरू नका.

भाचीचा परवा परत फोन आला. फटी बुजवल्या, पोती फळीवर घेतली. पण प्लॉटमध्ये पुन्हा लांब पिवळट साप दिसला, कुंपणाशी, उंदराच्या बिळात तोंड घालून. फोटो पाठवला. धामण होती. मी म्हटलं, तिला राहू दे, तुझं अर्धं काम ती करतीय.