गोव्यातील घर स्वतः विकावे की एजंटामार्फत : निर्णय कसा घ्यावा

घर विकायचे ठरले की घरात पहिला वाद बहुधा दलालीवरून होतो. ऐंशी लाखांच्या घरावर दोन टक्के दलाली म्हणजे १,६०,००० रुपये आणि एजंट जीएसटीखाली नोंदलेला असल्यास त्यावर १८ टक्क्यांप्रमाणे आणखी २८,८०० रुपये. एवढे पैसे ‘नुसते गिऱ्हाईक दाखवण्यासाठी’ का द्यावेत, हा प्रश्न रास्त आहे. परंतु तो पहिला प्रश्न नव्हे. गोव्यात व्यवहार फसतात ते बहुतेक गिऱ्हाईक न मिळाल्यामुळे नव्हे, तर कागद अपुरे निघाल्यामुळे, आणि कागदांचे काम एजंट नेमला तरी विक्रेत्यालाच करावे लागते. म्हणून आधी कागद पाहावेत आणि एजंटाचे मग ठरवावे.

पहिली पायरी : कागद

स्वतंत्र घर असल्यास फॉर्म १ व १४ चा, म्हणजे जमिनीच्या हक्कनोंदीचा, ताजा उतारा काढावा. शहरी सर्व्हेच्या हद्दीत फॉर्म डी (तिथला मालमत्तेचा उतारा) आणि चलता क्रमांक (भूखंडाचा सर्व्हेतील क्रमांक) पाहावा. उताऱ्यावर केवळ आपले नाव शोधून थांबू नये. कूळ आणि इतर हक्क यांचे रकाने सावकाश वाचावेत, कारण मुंडकाराची, म्हणजे मालकाच्या जमिनीवर घर करून राहणाऱ्याची, नोंद तेथेच सापडते आणि १९७५ च्या मुंडकार कायद्याने त्याला निष्कासनापासून संरक्षण व राहते घर विकत घेण्याचा हक्क दिलेला आहे. ही गोष्ट खरेदीदाराच्या वकिलाने शोधून काढण्यापूर्वी आपण सांगितलेली बरी. जमीन कोमुनिदादची (गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या जुन्या ग्रामसंस्थेची) असल्यास वकिलाचा सल्ला घेतल्याशिवाय जाहिरातच करू नये.

दुसरी गोष्ट सह्यांची. गोव्याच्या कौटुंबिक कायद्यानुसार पती किंवा पत्नीला दुसऱ्याच्या संमतीवाचून स्थावर मालमत्ता विकता येत नाही. वडिलोपार्जित घरात हा नियम प्रत्येक वारसाच्या जोडीदारापर्यंत जातो : भावाबरोबर वहिनीची, बहिणीबरोबर तिच्या नवऱ्याचीही सही लागते. उतारा अजून आजोबांच्या नावावर असेल, तर वारस ठरवणारा दस्त किंवा न्यायालयातील इन्व्हेंटरी (वारसांत वाटणी करण्याची कार्यवाही) यांपैकी काय लागेल ते आधी ठरवून घ्यावे. सगळे एकमताचे असले तर काम तुलनेने सोपे होते. नसले तर महिने नव्हे, वर्षे जातात. एखादा भाऊ मस्कतला किंवा लिस्बनला असल्यास त्याचे कुलमुखत्यारपत्र वेळेत मागवावे, आणि परदेशात केलेले असे पत्र भारतात पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लावून घ्यावा.

फ्लॅट असल्यास करार, विक्रीखत, ऑक्युपन्सी दाखला (इमारत राहण्यास योग्य असल्याचा), घरपट्टीच्या पावत्या आणि सोसायटीचा ना-हरकत दाखला एकत्र करावा. काही जुन्या इमारतींत बिल्डरने केवळ करार करून ताबा दिलेला असतो आणि विक्रीखत राहूनच गेलेले असते; आपल्याकडे नेमके काय आहे ते फाईल उघडून बघावे. शेवटी उपनिबंधक कार्यालयातून बोजा नसल्याचा दाखला घ्यावा. घरावर कर्ज असेल, तर मूळ कागद बँकेत आहेत हे गिऱ्हाइकाला पहिल्या भेटीतच सांगावे.

दुसरी पायरी : किंमत

शेजारच्या वाड्यावरचे घर ‘एवढ्याला गेले’ असे जे ऐकू येते, ते बहुधा मागितलेली किंमत असते, मिळालेली नव्हे. तीन वेगवेगळ्या एजंटांना अंदाज विचारावा आणि त्यांपैकी सर्वांत मोठा आकडा सांगणाऱ्याकडे थोड्या संशयाने पाहावे. काम मिळवण्यासाठी आकडा फुगवून सांगणे आणि महिन्याभराने ‘मार्केट पडलंय’ म्हणणे ही या धंद्यातली जुनी चाल आहे. मुद्रांक शुल्कासाठी सरकारने धरलेली किंमतही माहीत करून घ्यावी, कारण ती विक्रीच्या किमतीपेक्षा १० टक्क्यांहून अधिक निघाली, तर प्राप्तिकरासाठी तीच किंमत धरली जाते.

तिसरी पायरी : निवड

गिऱ्हाईक कुठून येणार, यावर निवड अवलंबून असते. मडगाव, फोंडा किंवा म्हापसा येथील ओळखीच्या इमारतीतला दोन बेडरूमचा फ्लॅट असेल, तिथला भाव सर्वांना ठाऊक असेल आणि आपण स्वतः जवळ राहत असाल, तर एजंटाची फारशी गरज नाही. असे फ्लॅट अनेकदा त्याच इमारतीतल्या भाडेकरूला किंवा शेजाऱ्याच्या नातेवाइकाला जातात. आधी तेथेच शब्द टाकावा. याउलट बार्देशमधले बल्कांव (दारापुढचा बसायचा ओटा) असलेले जुने घर मुंबई, दिल्ली किंवा बेंगळुरूचा माणूस घेण्याचा संभव अधिक, आणि त्याच्यापर्यंत आपला हात पोहोचत नाही. आपण गोव्याबाहेर राहत असाल, तर घर उघडून दाखवायलाही कोणीतरी लागते. अशा वेळी दोन टक्के वाचवण्याचा हट्ट महाग पडतो.

मधला मार्गही आहे : गिऱ्हाईक आपण शोधावे आणि दस्तांचे काम ठरीव शुल्कावर वकिलाकडे द्यावे. मला स्वतःला स्थानिक फ्लॅटसाठी हाच मार्ग सर्वांत पटतो.

स्वतः विकायचे ठरले तर

जाहिरातीत चटईक्षेत्र, मजला, पार्किंग, पाण्याची स्थिती आणि कागदांची अवस्था स्पष्ट लिहावी. चतुर्थी आणि नाताळच्या सुमारास बाहेरगावचे गोंयकार घरी येतात. त्याआधी पंधरा दिवस जाहिरात गेलेली बरी. घर दाखवण्यासाठी मात्र पावसाला भिऊ नये. आमच्या मामांचा फोंड्यातला फ्लॅट विकताना जुलैमध्ये एक गृहस्थ आले. खोल्यांकडे त्यांनी जेमतेम पाहिले आणि सरळ मागच्या खिडकीखाली जाऊन भिंतीवर तळहात ठेवला. भिंत ओली होती. मामांनी ‘गळतं, गच्चीचं काम सोसायटीने धरलंय’ असे सांगून सभेच्या ठरावाची प्रत पुढे केली. गृहस्थांनी किंमत थोडी उतरवली, पण व्यवहार त्यांनीच केला. नुसता रंग मारून ठेवला असता, तर हाच डाग करारानंतर वर आला असता.

एजंट नेमायचा ठरला तर

सर्व काही लेखी असावे : दलाली किती टक्के, जीएसटी कोणाचा, मुदत किती आणि त्या मुदतीत आपण स्वतः गिऱ्हाईक आणल्यास दलाली लागेल की नाही. तो खरेदीदाराकडूनही दलाली घेणार असेल, तर त्याने ते आधी सांगावे. दलाली टोकन मिळाल्यावर नव्हे, तर विक्रीखताची नोंदणी झाल्यावर देय ठरवावी; फार तर करारावर थोडा भाग द्यावा. मामांकडे आलेल्या पहिल्या एजंटाने ‘तुम्हाला साठ लाख नेट, वरचं माझं’ असा प्रस्ताव ठेवला होता. ऐकायला हे सोयीचे वाटते, पण खरी किंमत किती ठरली हे विक्रेत्याला कधीच कळत नाही आणि दस्तावर कोणता आकडा यायचा हा घोळ वेगळाच. आम्ही नकार दिला, तर त्याने किल्ली परत द्यायला तीन आठवडे घेतले. किल्ली देताना पोच घ्यावी.

शेवटची पायरी : पैसे आणि दस्त

टोकन धनादेशाने किंवा बँक खात्यातच घ्यावे. स्थावर मालमत्तेपोटी २०,००० रुपये किंवा अधिक रोख स्वीकारण्यास प्राप्तिकर कायद्याची मनाई आहे आणि घेतलेल्या रकमेएवढा दंड होऊ शकतो. किंमत ५० लाख किंवा अधिक असल्यास खरेदीदार १ टक्का टीडीएस (सरकारकडे परस्पर भरायचा कर) कापतो. ऐंशी लाखांवर ८०,००० रुपये. विक्रेता अनिवासी असल्यास ही ५० लाखांची मर्यादा लागू होत नाही आणि कपात भांडवली नफ्याच्या चढ्या दराने होते, म्हणून कमी कपातीचा दाखला प्राप्तिकर विभागाकडून आधीच मिळवावा.

दोन वर्षांहून अधिक काळ बाळगलेल्या घराच्या नफ्यावर १२.५ टक्के कर आहे. २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या घरासाठी निवासी विक्रेत्याला महागाईची वजावट घेऊन २० टक्क्यांचा हिशेबही करून पाहता येतो. हा कर वाचवण्यासाठी नफा दुसऱ्या राहत्या घरात गुंतवायचा असल्यास ते विक्रीनंतर दोन वर्षांत विकत घ्यावे किंवा तीन वर्षांत बांधावे. हा हिशेब लेखापालाकडून करारापूर्वीच करून घ्यावा.

विक्रीखतावर सह्या झाल्यापासून चार महिन्यांच्या आत ते नोंदणीसाठी सादर करावे लागते. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाल्याची खात्री करूनच ताबा द्यावा आणि त्या दिवशीचे वीज व पाण्याच्या मीटरचे आकडे दोघांच्या सह्यांनी लिहून ठेवावेत. घरपट्टी, वीजजोडणी आणि म्युटेशन (जमिनीच्या नोंदीतला नावबदल) खरेदीदाराच्या नावे होईपर्यंत पाठपुरावा करावा; नाहीतर घर गेले तरी बिले आपल्याच नावाने येत राहतात.