कांद्याच्या भावाची बातमी कशी वाचावी: चोइथराम मंडी ते घरची टोपली

'इंदुरात कांदा ४० रुपये' असा मथळा दिसला की आधी विचारायचं, कुठला ४०? हातगाडीवरचा की मंडीतला? चोइथराम मंडीत भाव क्विंटलला बोलतात, म्हणजे तिथे हाच भाव ४,००० होतो. मग प्रत पाहायची. तिथे सुपर, एवरेज आणि लहान कांद्याचे गोल्टा, गोल्टी असे ढीग वेगवेगळे बोलले जातात आणि एकाच सकाळी सुपर आणि गोल्टीच्या भावात दुपटीचं अंतर पडू शकतं. मथळ्याला सुपरचा सगळ्यात चढा सौदा सोयीचा. तो पंधरा-वीस कट्ट्यांचाही (पोत्यांचाही) असेल! अ‍ॅगमार्कनेट या सरकारी संकेतस्थळावर किमान, कमाल आणि मोडल असे तीन भाव येतात. सर्वाधिक माल ज्या भावाला गेला तो मोडल. वहीत तोच उतरवा.

शेजारी आवक लिहा. ती कट्ट्यांत छापली असेल तर कट्टा किती किलोचा धरलाय ते पाहून क्विंटल करून घ्या. तुलना कालशी नको, कारण सुट्टीनंतरच्या दिवशी आवक फुगतेच. गेल्या वर्षीचा हाच आठवडा घ्या. एप्रिल-मेमध्ये रब्बीचा माल उतरतो तेव्हा भाव पडणं ही बातमीच नाही. साठवणीच्या चाळीतला कांदा संपत आलेला आणि खरिपाचा पावसाने लांबलेला, अशा सप्टेंबर-नोव्हेंबरात खरी ओढाताण असते.

आवक थोडी घटली तरी भाव एवढा का उसळतो? कांदा महागला म्हणून फोडणी कुणी सोडत नाही. समजा, भाव १० टक्के वाढल्यावर खप फक्त ४ टक्के घटतो. मग मालात १० टक्के तूट आली, तर खप तेवढा खाली यायला भाव साधारण २५ टक्के चढावा लागतो. हेच गणित उलटंही चालतं, म्हणून बंपर पिकाच्या वर्षी शेतकरी कांदा रस्त्यावर ओततो. साठेबाजीचा आरोप करण्याआधी हा हिशेब करून बघावा. साठेबाजी होतच नाही असं नव्हे, पण प्रत्येक तेजी तिच्या नावावर खपवणं हा आळस झाला.

'मंडीत भाव निम्मा, दुकानात मात्र नाही' ही तक्रारही कागदावर तपासता येते. समजा मोडल १,८०० आहे. हम्माली, भाडं, बारदान मिळून २५० धरा आणि १०० किलोतले ८ किलो सड-सुकीत गेले असं माना. २,०५० भागिले ९२, म्हणजे किलोला सव्वाबावीस. किरकोळवाल्याचे ५ मिळवले की सव्वासत्तावीस. आता मंडीभाव ९०० करा: १,१५० भागिले ९२ म्हणजे साडेबारा, अधिक ५, साडेसतरा. मंडीत ५० टक्के घट, टोपलीत ३६. भाडं आणि हम्माली कांद्यासोबत उतरत नाहीत, एवढंच त्यामागचं कारण. भाव साडेसतराहून बराच वर असेल, तेव्हा मात्र दुकानदाराला जरूर विचारा.

टक्केवारीतही गोम असते. १० चा ३० झाला की 'वाढ २०० टक्के', ३० चा पुन्हा १० झाला की 'घट ६७ टक्के'. आणि 'महागाई दर घटला' म्हणजे भाव उतरले असं नाही, चढण्याचा वेग कमी झाला.

सरकारी निर्णय तारखेसकट वाचावेत. कांद्यावर ऑगस्ट २०२३ मध्ये ४० टक्के निर्यात शुल्क बसलं आणि ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यातबंदी आली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरची किमान निर्यात किंमत आणि ४० टक्के शुल्क होतंच. सप्टेंबरात किमान किंमत गेली, शुल्क २० टक्क्यांवर आलं आणि १ एप्रिल २०२५ ला तेही संपलं. 'बंदी उठली' एवढ्याच मथळ्यावर चाळ भरून ठेवणाऱ्याचा हिशेब चुकतो तो इथे. व्यापारी अधिसूचनेची वाटही पाहत नाही, कुणकुण लागली की बोली बदलते. म्हणून निर्णयाच्या आधीच्या आठवड्याचे मोडलही वहीत हवेत.

सोयाबीनच्या भावांतरात, म्हणजे हमीभावापेक्षा कमी भाव मिळाल्यास सरकार फरक देतं त्या योजनेत, वेगळी गफलत होते. मध्य प्रदेशात ही योजना २०१७ मध्ये आली, २०२५ मध्ये सोयाबीनसाठी पुन्हा. तेव्हा हमीभाव क्विंटलला ५,३२८ होता. समजा मॉडेल भाव (मंड्यांतल्या भावांवरून सरकार काढतं ती सरासरी, वरचा मोडल नव्हे) ४,००० निघाला आणि तुमचा माल ३,७०० ला गेला. फरक मिळतो हमीभाव वजा मॉडेल, म्हणजे १,३२८. हातात एकूण ५,०२८, वरचे ३०० तुमचे गेले. विक्रीची मुदत ठरलेली असल्याने सगळेच एकदम माल आणतात आणि त्या गर्दीनेच भाव दबतो. तेव्हा 'शेतकऱ्याला पूर्ण हमीभाव' असं छापून आलं, तर मंडीच्या पावतीवरचा भाव त्या दिवशीच्या मॉडेल भावाशेजारी ठेवून बघा.