दोन धोके एकत्र आले की जोखीम किती वाढते? कागद-पेन्सिलीने मोजा

सिगारेटने फुफ्फुसाचा कर्करोग होतो, अ‍ॅस्बेस्टॉसच्या धुळीनेही होतो. दोन्ही एकाच माणसाच्या वाट्याला आले तर? हे मोजायला आधी चार आकडे पुरतात.

चार घरांची चौकट आखा. हॅमंड, सेलिकॉफ आणि साइडमन यांनी १९७९ साली अमेरिका-कॅनडातल्या, अ‍ॅस्बेस्टॉस हाताळणाऱ्या इन्सुलेशन कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यातलेच आकडे भरू. फुफ्फुसाच्या कर्करोगाचे वर्षाला लाखामागे मृत्यू: दोन्ही नसलेल्यांत ११.३, फक्त अ‍ॅस्बेस्टॉस ५८.४, फक्त धूम्रपान १२२.६, दोन्ही असलेल्यांत ६०१.६.

आता एकेकाची भर काढा. इथे हमखास घोळ होतो: ५८.४ आणि १२२.६ सरळ मिळवले की मूळचे ११.३ दोनदा धरले जातात. म्हणून ते आधी वजा करा. अ‍ॅस्बेस्टॉसची भर ४७.१, धूम्रपानाची १११.३. त्यांत मूळचे ११.३ एकदाच मिळवा: १६९.७. दोन्ही धोके आपापलं काम करून मोकळे होत असते, तर एवढेच मृत्यू दिसले असते. प्रत्यक्षात ६०१.६. वरचे ४३१.९, म्हणजे सुमारे ७२ टक्के, या जोडीच्या खात्यावर.

मूळ दर हाती नसेल, नुसती सापेक्ष जोखीम (दोन्ही धोके नसलेल्यांच्या कितीपट) असेल, तरी अडत नाही. वरचे दर ११.३ ने भागले की ५.२, १०.८ आणि ५३.२ येतात. ५३.२ मधून बाकीचे दोन वजा करून १ मिळवा: ३८.२. याला संशोधक ‘रेरी’ (RERI, आंतरक्रियेमुळे वाढलेली सापेक्ष जोखीम) म्हणतात. शून्य आलं तर जोडीची वेगळी भर नाही. सोबत विश्वासांतर, म्हणजे खरा आकडा ज्या मर्यादांत असावा ती कक्षा, द्याच. लहान अभ्यासात ते फार रुंद निघतं.

गंमत पुढे आहे. ५.२ गुणिले १०.८ म्हणजे ५६, आणि दिसतात ५३. म्हणजे वरच्या बेरजेऐवजी गुणाकाराच्या मोजपट्टीवर आंतरक्रिया, जोडीचा वेगळा परिणाम, जवळपास नाहीच! लॉजिस्टिक रिग्रेशन या नेहमीच्या संख्याशास्त्रीय पद्धतीतलं गुणाकाराचं पद हीच पट्टी लावतं, आणि ते ‘सिग्निफिकंट’ (संख्याशास्त्रीयदृष्ट्या लक्षणीय) नाही म्हणून प्रबंधात बेधडक ‘आंतरक्रिया आढळली नाही’ लिहिलं जातं. कोणत्या पट्टीवर, ते लिहा. शक्यतो दोन्ही द्या.

कुणाची सिगारेट आधी सोडवायची, हा प्रश्न असेल तर मी बेरजेची पट्टी घेईन. धूम्रपानामुळे वाढलेले मृत्यू इतरांत लाखामागे १११, अ‍ॅस्बेस्टॉसच्या कामगारांत ५४३.