ग्वाल्हेरच्या धुक्यासाठी गाडी तयार करताना

बदलीची ऑर्डर घेऊन रत्नागिरी, पनवेल, मुंबईकडून ग्वाल्हेरला येणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: तिकडच्या थंडीत इंजिन चालू होतं ना? होतं. डिसेंबरअखेरपासून जानेवारी संपेपर्यंत पहाटेचा पारा पाच-सहा अंशांवर असतो, शीतलहर आली की दोन-तीनवरही उतरतो, पण धडधाकट पेट्रोल गाडीचं तेवढ्यानं काही बिघडत नाही. इथं खरी अडचण धुक्याची. समोरचं दिसत नाही आणि आपण मागच्याला दिसत नाही. म्हणून दुकानदार इंजिनात ओतायच्या बाटल्या दाखवू लागला की हात जोडा आणि ते पैसे काचा, दिवे आणि बॅटरीसाठी ठेवा. दिवाळीचे फटाके संपले की कामाला लागावं. एकदा पहिलं दाट धुकं पडलं की शहरातल्या लष्कर भागात काय आणि मुरारला काय, प्रत्येक बॅटरीवाल्याकडे सकाळी दहाला रांग असते.

सुरुवात गाडीच्या आतून करा. कोकणातून आलेल्या गाडीच्या पोटात चार महिन्यांचा पाऊस मुरलेला असतो. पायाखालचे मॅट उचला, त्याखालचं कार्पेट तळव्यानं दाबा. गार, ओलसर लागलं, कुबट वास आला तर थंडीत काचांवर वाफ धरणार ती तिथूनच. ग्वाल्हेरचं ऑक्टोबरचं ऊन कोरडं आणि कडक असतं, त्याचा फायदा घ्या. मॅट बाहेर, चारही दारं उघडी, दोन-तीन दुपारी गाडी उन्हात. एसीचा केबिन फिल्टर बहुतेक गाड्यांत डॅशबोर्डच्या खणामागे असतो. तो काढून बघा, काळा पडला असेल तर बदला. मग पुढची काच आतून पुसा. दिवसा ती स्वच्छच वाटते, पण रात्री समोरून दिवे आले की तिच्यावर तेलकट पापुद्रा असल्यासारखा उजेड फाकतो. उन्हात तापलेल्या प्लास्टिकची वाफ काचेवर बसून हा थर तयार होतो आणि त्यावर दव पटकन धरतं. काच धुवायचं द्रावण आणि दोन कोरडी मायक्रोफायबर फडकी घ्या, एक पुसायला, एक कोरडं करायला. तळहातानं काच पुसायची सवय असेल तर ती आधी सोडा, तेल तिथूनच लागतं.

एसीच्या बाबतीत कोकणातला हिशेब इथं उलटा करावा लागतो. तिकडं पावसाळ्यात दव बऱ्याचदा काचेच्या बाहेरून धरतं, कारण एसीनं काच गार झालेली आणि बाहेर दमट हवा. इथं थंडीत काच बाहेरून गार असते आणि आतल्या माणसांच्या श्वासानं ती आतून धुरकटते. हवा आतल्या आत फिरवायचं बटण बंद करून बाहेरची हवा घ्या, तापमान गरमकडे, झोत पुढच्या काचेवर आणि एसी चालू. थंडीत एसी कशाला, असं घरातली वडीलधारी मंडळी हमखास विचारतात. एसी हवेतला ओलावा काढून घेतो, म्हणूनच काच झटक्यात मोकळी होते. हीटर एकटा ते काम फार सावकाश करतो. मागच्या काचेवरच्या बारीक रेघांना वीज जाते का, तेही आत्ताच बघून ठेवा: बटण दाबा, पाच मिनिटांनी बोट लावा, कोमट लागली पाहिजे.

आकाश निरभ्र असलेल्या रात्री उघड्यावर ठेवलेल्या गाडीच्या काचेवर पातळ बर्फाचा थर येऊ शकतो. हवेचं तापमान तीन-चार अंश असलं तरी काच मोकळ्या आभाळाकडे उष्णता टाकत राहते आणि हवेपेक्षा गार होते. मुरैना-भिंडकडचे शेतकरी ज्याला पाला म्हणतात आणि ज्याच्या भीतीनं रात्री पिकाला पाणी देतात, तोच हा. त्यावर बादलीभर गरम पाणी ओतायचं नाही, काच तडकते. रात्री पुढच्या काचेवर जुनी चादर किंवा पुठ्ठा टाकून वायपरखाली दाबून ठेवा. विसरलात तर जुनं प्लास्टिक कार्ड तिरकं धरून खरवडा. आणि काचेला चिकटलेले वायपर आधी हातानं सोडवा, मग चालू करा. नाहीतर रबर फाटतं, कधी मोटरही जाते. वायपरचं रबर किनारपट्टीच्या ऊन-पावसात कडक झालेलंच असतं, ते येतानाच नवं घाला. धुक्यातल्या रस्त्यावर पाऊस नसतो, पण पुढच्या ट्रकचा धूर, धूळ आणि दव यांचा चिखल काचेवर बसतो. पाण्याच्या टाकीत वॉशर लिक्विड घातलेलं बरं, कारण बोअरच्या जड पाण्यानं जेटची भोकं बुजतात.

आता दिवे. इथं मी थोडा हट्टी आहे. नव्या गाड्यांना दिवसा आपोआप लागणाऱ्या एलईडी पट्ट्या असतात. त्या पुढं झगमगतात, डॅशबोर्डही उजळलेला असतो, चालवणाऱ्याला वाटतं दिवे चालू आहेत. अनेक गाड्यांत त्या वेळी मागचे लाल दिवे बंदच असतात. ऑटोवर ठेवलेले दिवेही धुक्यात लागतीलच असं नाही, कारण सकाळी नऊचं धुकं पांढरं आणि उजेडाचं असतं, सेन्सरला तो दिवसच वाटतो. तेव्हा दिव्याचा खटका हातानं फिरवायचा आणि निघण्यापूर्वी गाडीमागं जाऊन एकदा बघून यायचं. ब्रेकचा दिवा बघायला घरातल्या कुणाला तरी मागं उभं करा किंवा गाडी भिंतीला पाठ लावून आरशात लाल उजेड पडतो का ते बघा. मागचा फॉग लॅम्प असेल तर त्याचं बटण कुठं आहे ते आत्ताच शोधा, आणि धुकं सरलं की तो बंद करायला विसरू नका, मागच्याच्या डोळ्यांत तो भाला घुसल्यासारखा शिरतो. पुढचा दिवा डिपरवरच. अप्परचा उजेड धुक्यावर आपटून आपल्याच डोळ्यांवर येतो. चारही इंडिकेटर लावून गाडी हाकणारे तुम्हाला या रस्त्यांवर पदोपदी भेटतील; त्यांचं अनुकरण करू नका, वळताना तुमचा इशारा कुणालाच कळत नाही. उन्हानं पिवळ्या पडलेल्या हेडलाइटच्या काचा घासून घ्या. मागच्या बंपरवर लाल रिफ्लेक्टर पट्टी चिकटवा. खर्च किरकोळ, उपयोग मोठा.

एवढा जोर का, ते आग्र्याकडे निघालात की कळेल. ग्वाल्हेर ते आग्रा अंतर सव्वाशे किलोमीटरच्या आतबाहेर. मुरैना ओलांडून धौलपूरच्या अलीकडं चंबळ लागते आणि नदीच्या पट्ट्यात धुकं अचानक दाटतं. हवामान खात्याच्या हिशेबात हजार मीटरच्या आत दिसेनासं झालं की धुकं, दोनशेच्या आत दाट आणि पन्नासच्या आत अतिदाट. ताशी साठनं जाणारी गाडी सेकंदाला सुमारे सतरा मीटर पुढं सरकते. दिसणं, पाय ब्रेकवर जाणं आणि ओल्या रस्त्यावर गाडी थांबणं यांत सहज पन्नास मीटर जातात. म्हणजे पन्नास मीटरच दिसत असेल तेव्हा साठचा वेगही जास्त झाला. तीस-चाळीसच्या वर जाऊच नये. त्यात समोर मोहरी, चारा, विटा लादलेली ट्रॅक्टर-ट्रॉली असते, जिला मागं ना दिवा ना पट्टी. नीलगाय आणि मोकाट गुरं वेगळीच. ट्रकच्या लाल दिव्याला धरून मागोमाग जायचं, हा सल्लाही इथं सर्रास मिळतो. मी तो मानत नाही, ट्रक चुकला तर त्याच्यामागचेही सगळे चुकतात. काहीच दिसेना झालं तर रस्त्याच्या कडेलाही थांबू नका, पेट्रोल पंपावर किंवा ढाब्याच्या आवारात शिरा. त्यापेक्षा सोपी तयारी म्हणजे घड्याळाची: जानेवारीत सकाळी दहाच्या आधी हायवे धरायचा नाही. संक्रांतीनंतर लग्नं पुन्हा सुरू होतात आणि लोक मध्यरात्री भिंड-दतियाहून परत निघतात. यजमानांना रात्रीचा मुक्काम आधीच सांगून ठेवा, कुणी वाईट वाटून घेत नाही.

बॅटरीचं दुखणं इथं वेगळं. तिला मारतो तो मे-जूनचा ४५ अंशांचा उन्हाळा, आणि मेलेली आहे हे कळतं डिसेंबरात. लष्कर भागातला मेकॅनिक चावी फिरवल्यावरचा आवाज ऐकूनच "बैठ गई" म्हणतो आणि बहुधा बरोबर निघतो. तुम्ही आवाजावर राहू नका, मीटर लावून बघायला सांगा. रात्रभर उभ्या गाडीच्या बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या आसपास दिसलं तर उत्तम, १२.२ म्हणजे निम्मी, आणि स्टार्टर मारताना साडेनऊच्या खाली घसरली तर बदलाच. तीन-चार वर्षांची झाली असेल तर थंडीची वाट बघू नका. खाऱ्या हवेनं टर्मिनलवर पांढरी-हिरवी बुरशी धरलेली असेल. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशनं घासा. काढताना निगेटिव्ह आधी आणि बसवताना निगेटिव्ह शेवटी. सकाळी गाडी चालू करून दहा मिनिटं जागेवर घुरघुरत ठेवायची मात्र गरज नाही. अर्धं मिनिट थांबा, मग पहिले दोन-तीन किलोमीटर हलक्या पायानं चालवा, इंजिन चालतानाच लवकर तापतं. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवूच नका.

टायरची हवा तापमानाबरोबर उतरते, ढोबळमानानं दर पाच-सहा अंशांना एक पीएसआय (हवेच्या दाबाचं माप). चिपळूणच्या तीस अंशांत ३३ भरलेला टायर इथल्या पहाटे सहा अंशांत २९वर आलेला असतो. पंक्चर शोधत बसू नका. सकाळी, गाडी फार न चालवता, दारावरच्या स्टिकरवरचा आकडा बघून हवा भरा. नायट्रोजन भरला म्हणजे हवा उतरत नाही, हे खरं नाही. तोही वायूच, गारठला की दाब कमी होणारच. विंटर टायर इथं नकोत. मनाली-औलीला बर्फात जाणार असाल तर तिथं टायरला लावायची चेन भाड्यानं मिळते.

इंजिन ऑइलचं म्हणाल तर गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेला ग्रेड घाला, बहुधा ५डब्ल्यू-३० किंवा ०डब्ल्यू-२०. जुन्या गाडीत २०डब्ल्यू-५० असेल तर पहाटे स्टार्टर जड जातो, तेवढं मेकॅनिकला विचारा. रेडिएटरमध्ये नुसतं पाणी घालत आला असाल तर पुस्तिकेप्रमाणे कूलंट भरून घ्या. सीएनजीवाल्यांनी टाकीत थोडं पेट्रोल ठेवावं, बहुतेक गाड्या पेट्रोलवर चालू होतात आणि गारठ्यात सीएनजीवर जायला वेळ लावतात. डिझेलवाल्यांना इथं गोठण्याची भीती नाही. ती लडाखची गोष्ट, तिथल्यासाठी इंडियन ऑइलनं २०१९मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं डिझेल आणलं.

उंदीर मात्र गंभीरपणे घ्या. थंडीत गरम इंजिनाशेजारी त्यांची सोय होते आणि वायरचं आवरण कुरतडलं की बिल मोठं येतं. डांबरगोळ्यांचा वास केबिनमध्ये येतो आणि तंबाखूच्या पानांचा उपयोग मला तरी दिसलेला नाही. हवा आत येण्याच्या तोंडाला बारीक जाळी लावून घ्या आणि गाडी रोज थोडी हलवा. सकाळी चावी फिरवण्याआधी बॉनेटवर दोन थापा मारा, मांजरीची किंवा कुत्र्याची पिल्लं आत झोपलेली असतात.

डिकीत लाल त्रिकोण, चांगला टॉर्च, जंपर केबल, टायरला हवा भरायचा छोटा पंप, पाणी, एक रजाई आणि मुरैन्याच्या गजकचं (तिळगुळाच्या कुरकुरीत वड्यांचं) पाकीट. रस्त्यात अडकून पडलात तर काचा बंद करून गाडीत शेगडी पेटवू नका, कोळशाच्या विषारी वायूला ना रंग ना वास. कागदांचं तेवढं राहू देऊ नका: एमएच पासिंगची गाडी वर्षापेक्षा जास्त इथं राहणार असेल तर एनओसी (ना हरकत प्रमाणपत्र) घेऊन मध्य प्रदेशची नोंदणी करावी लागते. नवीच घ्यायची असेल तर माधवराव शिंद्यांनी १९०५मध्ये सुरू केलेल्या इथल्या व्यापार मेळ्याची वाट बघा, रोड टॅक्समध्ये ५० टक्के सूट अनेक वर्षी मिळालेली आहे. मेळ्यातल्या स्टॉलवर रंगीबेरंगी फॉग लाइटही विकायला असतात. निळे घेऊ नका, पिवळे चालतील. आणि होळी झाली की टायरची हवा पुन्हा तपासा. गारठ्यात भरलेला दाब ऊन चढताच वर जातो, आणि इथला एप्रिल कुणाला सवड देत नाही.