प्रोग्राममधून एस्क्यूएल चालवताना युजरची व्हॅल्यू क्वेरीत चिकटवू नका

पायथॉनमधून डेटाबेस वापरायला शिकायचंय तर सुरुवात एस्क्यूलाइट या छोट्या डेटाबेसने करा, त्याचं मॉड्यूल पायथॉनसोबतच येतं आणि अख्खा डेटाबेस म्हणजे एकच फाइल. कनेक्ट करा, एक्झिक्यूटला क्वेरी (एस्क्यूएल या डेटाबेसच्या भाषेतली विचारणा) द्या, फेचऑलने ओळी घ्या, झालं.

खरी गडबड होते नाव शोधताना. बरेच जण क्वेरीची स्ट्रिंग लिहितात आणि युजरने टाकलेलं नाव प्लसने नाहीतर एफ-स्ट्रिंगने (मधे व्हॅल्यू भरता येणारी पायथॉनची स्ट्रिंग) मधेच जोडून देतात. पाटील सापडतो, जाधव सापडतो, म्हणून वाटतं जमलं, आणि मग वसईचा किंवा गोव्याचा एखादा डिसोझा येतो. इंग्रजीत त्याच्या डी नंतर अॅपॉस्ट्रॉफी असते (D'Souza) आणि एस्क्यूएलमध्ये तेच चिन्ह म्हणजे स्ट्रिंग संपली. मग नाव डीवरच तुटतं, उरलेलं सोझा डेटाबेस एस्क्यूएल समजून वाचायला जातो आणि सिंटॅक्स एरर. एरर आली तर नशीबच म्हणायचं, कारण कोणी मुद्दाम नावाच्या जागी क्वेरीचा तुकडा टाइप केला तर तो चक्क चालतो, हेच एस्क्यूएल इंजेक्शन.

उपाय अगदी सोपा आहे. क्वेरीत नावाच्या जागी नुसतं प्रश्नचिन्ह ठेवा, त्याला कोट्स नकोत:

सिलेक्ट * फ्रॉम ग्राहक व्हेअर आडनाव = ?

आणि नाव एक्झिक्यूटला दुसरं आर्ग्युमेंट म्हणून टपलमध्ये, म्हणजे गोल कंसातल्या यादीत, द्या. एकच व्हॅल्यू असली तरी तिच्यानंतर स्वल्पविराम हवाच, (आडनाव,) असा. तो राहिला तर पायथॉनला ते टपल वाटतच नाही, नुसती स्ट्रिंग जाते आणि तिचं एकेक अक्षर वेगळी व्हॅल्यू म्हणून मोजलं जातं, मग D'Souza साठी एरर येते की १ व्हॅल्यू हवी होती, ७ दिल्या. ही एरर पहिल्यांदा बघून मी तासभर क्वेरीच तपासत बसले होते.

नावाच्या तुकड्यावरून शोधायला लाइक वापरताना टक्क्याचं चिन्ह (तिथे काहीही चालेल अशी खूण) व्हॅल्यूला जोडा, क्वेरीत नाही. टेबलचं किंवा कॉलमचं नाव मात्र प्रश्नचिन्हाने देता येत नाही, ते युजरकडून येत असेल तर आधी स्वतःच्या ठरलेल्या यादीत आहे का बघा, मगच वापरा.

इन्सर्ट, अपडेट, डिलीटनंतर कमिट करा, म्हणजे बदल कायमचा जतन होतो. नाही केलं तर त्याच कनेक्शनवर नवीन ओळ दिसत राहते, पण प्रोग्राम बंद करून परत उघडला की गायब. त्यापेक्षा कनेक्शनवर पायथॉनचा विथ ब्लॉक वापरा, सगळं नीट झालं तर तो कमिट करतो आणि मधे एरर आली तर रोलबॅक, म्हणजे केलेले बदल मागे घेतो, फक्त कनेक्शन तो बंद करत नाही, ते क्लोज तुम्हीच करायचं.